४-२-३-१ फॉर्मेशनमध्ये बाजूने गोल बसतायत, हात कुठे घालू? (फुटबॉल मॅनेजर २४, संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम)

वेंगुर्ल्याचा विंगर
मंडळी, गोव्याचा क्लब घेतलाय. मेंटॅलिटी पॉझिटिव्ह. दोन्ही विंगबॅक (बाजूचे बचावपटू) अटॅकवर, म्हणजे पुढे जायच्या ड्यूटीवर, बाजूचे इनसाइड फॉरवर्डही (बाजूने आत घुसणारे) अटॅकवर, मध्ये बॉक्स-टू-बॉक्स (दोन्ही टोकांना धावणारा) आणि मेझाला (बाजूला सरकत पुढे जाणारा मिडफिल्डर). पझेशन आमचं, शॉट्स आमचे, गोल त्यांचा. कालच बघा: ८८ वं मिनिट, मेझालाच्या पायातून बॉल सुटला, त्यांनी एकच लांब पास आमच्या उजव्या विंगबॅकच्या मागे टाकला, झालं. तेवढ्यात लाईट गेली आणि सेव्ह केलेलं नव्हतं, म्हणून तो पराभव वाचला. ४-४-२ वर जाऊ का?

आचऱ्याचो
मेल्या, दोन्ही विंगबॅक वर, मेझालो वर, मगे मागे रवता कोण? रापणीक, दर्यातला जाळा किनाऱ्यार वढूक, सगळेच होडयेत बसले तर दोर कोण वढतलो?

रत्नागिरी डगआउट
वरच्याचं बरोबर आहे. फॉर्मेशन ठेवा तेच. २४ मध्ये स्क्रीनवर दिसतो तो आकार बॉल त्यांच्याकडे असतानाचा. आपल्याकडे आला की कोण कुठे पळणार ते रोल आणि ड्यूटी ठरवतात. (२६ मध्ये दोन्ही आकार वेगळे लावता येतात, तिथे हा घोळ कमी.)

मी एवढंच बघतो, हल्ला चालू असताना मागे पाच जण आहेत का. उजवा विंगबॅक जाऊ दे, त्याच्या पुढच्या इनसाइड फॉरवर्डला सपोर्टवर (थोडं मागे राहून मदत) आणा. डावा इनसाइड फॉरवर्ड अटॅकवरच, पण त्याच्यामागे विंगबॅकऐवजी फुलबॅक डिफेंडवर (मागेच थांबणारा). मेझालाच्या जागी साधा सेंट्रल मिडफिल्डर डिफेंडवर, शेजारी डीप-लाइंग प्लेमेकर (मागे राहून पास वाटणारा). बॉल विनिंगवाला (बॉल हिसकावणारा) मिडफिल्डर घालायचा मोह होईल, घालू नका. तो बॉलमागे धावत सुटतो आणि मधलं अंगण मोकळं.

४-४-२ मध्ये बाजूचे दोघे खालच्या पट्टीत असतात, बॅकच्या मदतीला लवकर येतात. पण मग तुमचा दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) बाकावर बसवणार का?

वेंगुर्ल्याचा विंगर
नाही हो, गोल तोच करतो! पण उजव्या विंगबॅकचा स्टॅमिना २० पैकी ११, तासाभरात जीभ बाहेर. डावा तरणाबांड आहे. सगळं उलटं लावलं तर?

रत्नागिरी डगआउट
लावा. डावा फॉरवर्ड उजव्या पायाचा हवा, म्हणजे तो आत येतो आणि विंगबॅकला बाहेरून वाट मिळते. त्याला सपोर्टवर ठेवा. उजवीकडे इनसाइड फॉरवर्ड काढून रेषेवर राहणारा विंगर अटॅकवर, मागे फुलबॅक डिफेंडवर.

आचऱ्याचो
आणि सेव्ह करीत जा रे, पावसाचे दिवस.