भाडं एकच, इंग्रजीत मात्र रेंट, फेअर, हायर, फ्रेट

काल शेजारची सातवीतली मुलगी वही घेऊन आली. निबंधात तिने "ठाणे स्टेशनपर्यंत बसचं रेंट" असं इंग्रजीत लिहिलेलं, रेंटभोवती लाल गोल आणि बाजूला एक अक्षर नाही. मला म्हणते, काका, घराचं पण भाडंच आणि बसचं पण भाडंच, मग माझं चुकलं कुठे? प्रश्न रास्त आहे, गोल करून सोडून देण्यासारखा नक्कीच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बघायचं वस्तू कोणाच्या ताब्यात जाते. खोलीची किल्ली तुमच्याकडे आली, दर महिन्याला पैसे द्यायचे, ते रेंट. बस-रिक्षात गाडी ड्रायव्हरच्याच हातात, आपण नुसतं बसायचं नि उतरायचं, तिथे फेअर. माल गेला तर फ्रेट, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्टीवर हाच शब्द असतो. लग्नापुरता सूट किंवा चार तासांसाठी खुर्च्या आणल्या तर इंग्लंडात हायर म्हणतील, अमेरिकेत त्यालाही रेंटच, त्यामुळे या दोघांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि आपण सर्रास ज्याला रेंट अग्रीमेंट म्हणतो ना, त्या 11 महिन्यांच्या कागदावर लीव्ह अँड लायसन्स लिहिलेलं असतं, त्यातल्या पैशांना लायसन्स फी म्हणतात कारण राहणाऱ्याला भाडेकरूचा हक्क द्यायचाच नसतो, फक्त राहायची परवानगी असते. सही करण्याआधी हा फरक माहीत हवाच.

फेअर मला सगळ्यात आवडतो. जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ जाणं, प्रवास करणं. दहावीच्या मुलांना देतात तो फेअरवेल त्यातलाच, म्हणजे सुखाने जा. जत्रेचा फेअर लॅटिनमधून आला, न्यायाचा फेअर आणखी वेगळा, देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात पण स्पेलिंग बघा, प्रवासाचा एफ ए आर ई, बाकी दोन्ही एफ ए आय आर.

नौपाड्यात रिक्षावाला "भाडं सोडून येतो" म्हणतो तेव्हा भाडं म्हणजे पैसे नाहीत, मागे बसलेला माणूस. इंग्रजीतही टॅक्सीवाल्याच्या तोंडी फेअर म्हणजे पॅसेंजर! हे सांगितल्यावर ती खूश झाली आणि लाल गोलाशेजारी पेन्सिलने फेअर लिहून टाकलं.