मदत हवी आहे: मे महिन्यात मालवण-तारकर्ली, दोन दिवस, मुलं आणि आजी. होडीच्या वेळा कशा बसवाव्यात?

सहकुटुंब_पुणे
मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार तारकर्लीत मुक्काम आहे. शनिवारी पंचमी, रविवारी षष्ठी. चार मोठी माणसं (त्यात 71 वर्षांची आजी, गुडघे दुखतात), मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा, वजन 17 किलो. सिंधुदुर्ग किल्ला, डॉल्फिन, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावरचं त्सुनामी आयलंड (वाळूचं बेट) आणि मुलांसाठी खडपांतले, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांतले, समुद्री जीव, एवढं करायचं आहे. पॅकेजवाले म्हणतात की किल्ला सोडून सगळं शनिवारी सकाळी 7 ते 11 मध्ये उरकून देतो. हे जमण्यासारखं आहे का? कुठली गोष्ट कधी करावी? मुलाच्या लाइफ जॅकेटचं काय?

सुकती
तिथी दिलीत हे बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. तिथीला तीनाने गुणून चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे. हा हिशोब मुंबईकडचा. मालवणात भरती साधारण पाऊण-एक तास आधी येते. म्हणजे शनिवारी भरती 3 च्या सुमारास, ओहोटी 9 ला. रविवारी भरती पावणेचारच्या आसपास, ओहोटी पावणेदहा. निघण्याआधी मालवणचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून पक्कं करा, पण आखणीला एवढं पुरतं.

खडपं आणि त्सुनामी आयलंड, दोन्हींना ओहोटीच लागते. एकाच सकाळी दोन्ही केलीत तर एक गोष्ट हुकणारच. म्हणून खडपं शनिवारी, आयलंड रविवारी. किल्ला शनिवारी दुपारी साडेतीननंतर. तेव्हा पाणी भरलेलं असतं, होडी धक्क्याच्या बरोबरीला येते आणि आजींना चढणं-उतरणं सोपं जातं. ओहोटीला तीच होडी बरीच खाली असते. डॉल्फिन रविवारी सकाळी साडेसहाला देवबागहून, तिथून परत येताना आयलंड.

कर्लीकाठ
बाकी सगळं पटलं, पण रविवारी साडेसहाला देवबागच्या संगमातून बाहेर पडू नका. भरती पावणेचारला आणि ओहोटी पावणेदहाला, म्हणजे पावणेसातला नदी सगळ्यात जोरात बाहेर धावत असते. संगमाच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात, लाट आखूड आणि उभी होते, फुटते. मे च्या उत्तरार्धात नैर्ऋत्येची लाट वाढलेली असते, त्यामुळे समुद्र बाहेर शांत दिसला तरी दांड्यावर होडी आपटते. पाच वर्षांचं मूल आणि गुडघे दुखणारी आजी त्या होडीत नकोत.

डॉल्फिनसाठी मालवणच्या धक्क्यावरून होडी घ्या, दांडा ओलांडावाच लागत नाही. साडेसहाला निघा, आठपर्यंत परत. दहानंतर समुद्रावरून वारा वाढत जातो आणि पाण्यावर पांढरे फेस उठले की डॉल्फिनची पाठ दिसणं कठीण होतं. इथे किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक हम्पबॅक जातीचे. होडी त्यांच्यामागे पळवायला सांगू नका. इंजिन मंद ठेवून थांबलं की ते स्वतःच पुन्हा वर येतात. मग गाडीने देवबागला या आणि नऊ-साडेनऊला नदीच्या आतल्या बाजूने आयलंडवर जा. तेव्हा ओढ मंदावलेली असते आणि वाळूही भरपूर उघडी असते. संगमावर पोहणं मात्र नको. कडेला गुडघाभर दिसणारं पाणी दोन पावलांवर एकदम खोल होतं, आणि पायाखालची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते.

सुकती
कर्लीकाठ यांचं बरोबर आहे, देवबागहून सकाळी बाहेर पडणं माझ्या आखणीतून काढा.

आता खडपांविषयी. मालवणातच रॉक गार्डनच्या खालच्या बाजूला उतरा. ओहोटीच्या दीड तास आधी, म्हणजे शनिवारी साडेसातला, पाण्याच्या मागोमाग खाली सरकत जा आणि नऊ वाजले की तोंड किनाऱ्याकडे. पाणी वळल्यावर पहिला तास हळू चढतं म्हणून माणसं गाफील राहतात. सहा तासांच्या भरतीतलं जवळपास निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. किनाऱ्याच्या आणि तुमच्या मध्ये सखल घळ असेल तर ती आधी भरते, म्हणून जाताना अशी घळ कुठे आहे ते बघून ठेवा.

चपला चालणार नाहीत. मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडल किंवा जुने बूट हवेत, कारण खडपांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार पात्यासारखी लागते. हिरवं शेवाळ टाळा, खरबरीत काळ्या दगडावर पाय ठेवा. डबक्यावर सावली पडू न देता मुलांना दोन मिनिटं नुसतं बसवा. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात शंखखेकडा असतो. दगडाच्या फटीत समुद्रफूल दिसेल, पाण्यात उघडलेलं, पाण्याबाहेर नुसता लिबलिबीत गोळा. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावर पडलेला असला तरी उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

तांडेल_नाही_पण
लाइफ जॅकेट घरूनच न्या. होडीवर बहुतेक मोठ्यांच्याच मापाची असतात. 17 किलोच्या मुलाला ते घातलं तर पाण्यात जॅकेट वर तरंगतं आणि मूल खालून निसटतं. लेबलवर किती वजनासाठी आहे ते लिहिलेलं असतं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. सगळी बकलं लावून दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. मुलीचंही असंच तपासा. घालायचं ते धक्क्यावर, होडीत बसल्यावर नाही.

होडी लाटेवर वरखाली होते. ती वर आलेली असताना पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. आजींना मागून ढकलू नका. एकाने आधी आत उतरून समोरून कोपराखाली धरावं. धक्का आणि होडीच्या मध्ये कुणाचा हात जाऊ देऊ नका. होडीवर प्रवाशांचा आकडा लिहिलेला असतो, त्याहून एक जरी जास्त असला तरी पुढची होडी घ्या.

बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर बेत रद्द, घासाघीस नाही. आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. दीड मीटरच्या वर असेल तर मी मुलांना खुल्या समुद्रात नेणार नाही. आणि बेत पुढे ढकलताना जपून, नियमाने 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात.

सहकुटुंब_पुणे
खूप आभार, बेत असाच बदलतो. दोन शंका उरल्या. आजी आयलंडवर उतरू शकेल का? आणि मुलीला बस लागते, होडी लागली तर?

कर्लीकाठ
आयलंडला धक्का नाही. होडीचं नाक वाळूत टेकवतात आणि गुडघाभर पाण्यात उडी टाकावी लागते. आजींना छताच्या होडीत बसू द्या. त्याऐवजी कर्ली नदीत आतल्या बाजूला तासभर फेरी मारलीत तर त्यांना जास्त आवडेल, पाणी स्थिर असतं आणि काठावर माडांची सावली असते. किल्ल्यात होडीवाले साधारण तासाभरात परतायला सांगतात. आजींच्या चालीने तेवढ्यात शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी होतात, तटावर चढायला मुलांना बापाबरोबर पाठवा. परतीची शेवटची होडी कधी ते जातानाच विचारा.

तांडेल_नाही_पण
मुलीला उपाशी नेऊ नका आणि तेलकटही देऊ नका. निघण्याआधी तासभर कोरडी पोळी किंवा केळं. होडीच्या मध्यावर, इंजिनच्या धुरापासून दूर बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. मोबाइल बघितला की हमखास उलटी. गोळी द्यायची असेल तर मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून आधी घ्या, ती होडी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यावी लागते.

उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बाजूला सरकतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा तास तरी बुडवून ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाच्या हाताने तपासा, कारण दुखण्यात मुलांना भाजल्याचं कळत नाही. मग थेट मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात. काटा आत रुतून बसला असेल तर स्वतः उपटू नका. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर 108.