शत्रूवर प्रीती : आज्ञा कोणाला, ओझं कोणावर?

उंबरठा (धागालेखक)

ख्रिस्ती धर्म हा प्रेमाचा धर्म, हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर कोणी वाद घालत नाही. मला घालायचाय. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा येशूने नव्याने दिलेली नाही, ती मोशेच्या ग्रंथात आहे (लेवीय १९:१८). परदेशी माणसावर कर, हेही त्याच अध्यायात आहे. अडखळायला होतं ते मत्तय ५:४४ पाशी : "तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा, आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा." हे वाक्य काढलं तर ख्रिस्ती प्रेमात वेगळं असं फारसं उरत नाही. आणि ठेवलं तर ते पाळायचं कसं, हा प्रश्न उरतो.

माझं मत असं की शत्रू आवडायला हवा, अशी इथे अपेक्षाच नाही. लूकने हाच उपदेश दिलाय (६:२७-२८), तिथे कामं सांगितली आहेत : बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. मनात उमाळा आला का, हे कोणी विचारत नाही. मध्ययुगातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनस यानेही प्रेमाची व्याख्या 'दुसऱ्याचं भलं इच्छिणं' अशीच केली आहे.

त्यात गप्प बसणंही नाही. महायाजकासमोर शिपायाने येशूला थोबाडीत मारली, तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केल्याचं योहान लिहीत नाही. उलट त्याने विचारलं, मी वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस? (योहान १८:२३). सराफांचे चौरंग उलथणारा आणि परुश्यांना (धर्मनियम कडकपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाला) तोंडावर ढोंगी म्हणणारा हाच माणूस.

अलीकडचं उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांचं. ३० जानेवारी १९५६ ला मॉन्टगोमेरीत त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी आत होत्या. बाहेर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी पायरीवरून त्यांना शस्त्रं घरी न्यायला आणि शत्रूवर प्रेम करायला सांगितलं. पण काळ्या-गोऱ्यांना वेगळ्या आसनांवर बसवणाऱ्या बसवरचा बहिष्कार त्यांनी एक दिवसही थांबवला नाही. वर्ष संपेपर्यंत तो चालला, आणि वेगळ्या आसनांची पद्धत गेली. शत्रूवर प्रेम म्हणजे काय, याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

---

तिरकस

धागा चांगला आहे, पण तुम्ही आज्ञेतली हवाच काढून घेतलीत. भावना नको, आवडणं नको, विरोधही करता येतो. मग उरलं काय? सभ्यपणा! त्यासाठी देवाचा पुत्र कशाला यायला हवा होता?

कांटने हेच केलं होतं. भावना हुकमाने येत नाही, म्हणून बायबलमधलं प्रेम म्हणजे कर्तव्यबुद्धीने केलेलं चांगलं काम, असं त्याने १७८५ मध्ये लिहून ठेवलं. तर्क चोख आहे. पण असं 'कर्तव्य म्हणून' कोणी माझ्यावर प्रेम करायला आलं तर मी दार लावून घेईन.

त्यापेक्षा फ्रॉइड प्रामाणिक वाटतो. १९३० मध्ये त्याने सरळ विचारलं की माझं प्रेम मोलाचं आहे, ते परक्याला माझ्या माणसांच्या बरोबरीने दिलं तर माझ्या माणसांवर अन्याय नाही का होत? आणि तो परका मला इजा करायला टपलेला असेल तर आणखीच. या प्रश्नाला चर्चकडे उत्तर नाही.

---

उंबरठा

उत्तर फ्रॉइडच्या आधीपासून लिहिलेलं आहे. लूक ६:३२ : जे तुमच्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रीती केली तर त्यात काय मोठं केलं, पापी लोकही तेवढं करतातच. फ्रॉइड ज्याला न्याय म्हणतो त्याला येशू देवाणघेवाण म्हणतो. कोणाचं पटावं हा भाग वेगळा.

सभ्यपणाबद्दल : निर्गम २३:४-५ वाचा. तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव मोकाट फिरताना दिसलं तर ते त्याला नेऊन दे. ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर उठवायला हात लाव. शत्रूबद्दल काय वाटतं याचा तिथे उल्लेखही नाही, फक्त गाढव आहे. ज्याने आपलं वाटोळं केलं त्याचं गाढव हाकत त्याच्या दारात जाऊन बघा, मग सभ्यपणा किती महाग असतो ते कळेल.

---

कोरडी_विहीर

इथे सगळे पुरुष मोठ्या इतिहासाबद्दल बोलताहेत, मी घरातलं बोलते. माझं काम अत्याचार झालेल्या बायकांशी बोलण्याचं आहे. त्यांतल्या विश्वासू ख्रिस्ती बायकांकडून एक वाक्य मी इतकं ऐकलंय की आता ते कोणी उच्चारलं तरी माझ्या कपाळावर आठी येते : "सत्तर वेळा सात." नवऱ्याने मारलं, बाई धर्मगुरूकडे गेली, धर्मगुरूने मत्तय १८:२२ (भावाला किती वेळा क्षमा करायची, यावर येशूचं हे उत्तर) उघडून दाखवलं आणि क्षमा कर म्हणून घरी परत पाठवलं.

त्या अध्यायात २२ च्या आधी १५ ते १७ ही वचनंही आहेत. तुझ्या भावाने अपराध केला तर जा, त्याला एकांतात सांग. ऐकलं नाही तर दोघांतिघांना सोबत घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीसमोर सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा होवो. म्हणजे आधी तोंडावर आरोप, मग साक्षीदार, मग जाहीर बोभाटा, मग संबंध तोडणं. आमचे उपदेशक नेमके २१ पासून वाचायला का सुरू करतात?

लूक १७:३ मध्ये तर अटच घातली आहे : भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. हा 'तर' सोयीने गिळला जातो. उंबरठा, तुमचा किंग मला मान्य आहे, कारण त्याच्यामागे हजारोंचा जमाव होता. एकट्या बाईला बहिष्कार टाकायला बस नसते.

---

साधासरळ

ताई, तुमचा राग समजतो, आणि त्या धर्मगुरूने केलं ते पाप आहे, यात शंका नाही. पण एक सांगतो. "जकातदारासारखा होवो" हे लिहिणारा मत्तय परंपरेनुसार स्वतः जकातदार, म्हणजे रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि म्हणून लोकांना नकोसा माणूस होता, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसायचा म्हणून बदनाम होता. तेव्हा त्या वचनाने दार कायमचं बंद होतं असं मला वाटत नाही.

आणि उंबरठा, मला तुमचंही पटलं नाही. तुम्ही प्रेम पचेल एवढं करून वाढताय. रोमकर ५:८ म्हणतं, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. 'असतानाच'. पश्चात्तापाची वाट त्याने पाहिली नाही. खिळे ठोकले जात असताना त्याने "हे बापा, त्यांना क्षमा कर" म्हटलं, कोणी माफी मागितल्यावर नव्हे. आम्हाला असं मिळालं म्हणून आम्ही असं द्यायचं. त्यात हिशोब आणलात की तो ख्रिस्ती धर्म राहत नाही, नीतिशास्त्र होतं. तिरकस यांनी तेवढं बरोबर ओळखलं.

२ ऑक्टोबर २००६ ला पेनसिल्व्हेनियात निकेल माइन्स इथल्या आमिश (साधं, जुन्या वळणाचं जीवन जगणारा ख्रिस्ती पंथ) लोकांच्या छोट्या शाळेत एकाने दहा मुलींना गोळ्या घातल्या. पाच गेल्या. त्याने स्वतःलाही मारून घेतलं. त्याच दिवशी आमिश मंडळी त्याच्या घरच्यांचं सांत्वन करायला गेली, पुढे त्याच्या अंत्यविधीलाही उभी राहिली. त्यांनी व्याख्या तपासत बसायची वाट पाहिली नाही.

---

कोरडी_विहीर

आमिश लोकांपुढे मी हात जोडते. पण मारेकरी मेला होता. तो रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसणार नव्हता, रात्री कडी वाजवणार नव्हता. सांत्वन त्याच्या बायकोमुलांचं केलं, आणि ती शत्रू कुठे होती? मेलेल्याला क्षमा करणं आणि ज्याच्यासोबत एका छताखाली राहायचंय त्याला क्षमा करणं, ही एका तराजूत घालू नका.

---

पानगळ

मूळ मुद्द्याला इतिहासाची जोड देतो. 'प्रेम कर आणि मग तुला हवं ते कर' हे प्राचीन चर्चमधला बिशप आणि विचारवंत ऑगस्टीन याचं वाक्य भिंतीवर लावायला फार सुंदर आहे. ते आलं कुठून? योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या त्याच्या प्रवचनांमधून, इ. स. ४०७ च्या सुमारास. त्याच ठिकाणी तो म्हणतो की बाप मुलाला मारतो आणि पोरं पळवणारा गोंजारतो, तेव्हा कृतीवरून प्रेम ओळखू नका, मुळावरून ओळखा. हे तो कोणत्या दिवसांत बोलत होता? उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट या फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथाशी झगडा ऐन भरात असताना. लवकरच, ४०८ च्या पत्रात, त्याने त्या लोकांवर सरकारी बळजबरी योग्य ठरवली. आधार म्हणून मेजवानीच्या दाखल्यातलं "आत येण्यास भाग पाड" हे वचन दिलं (लूक १४:२३). प्रेमापोटी! पुढच्या शतकांत हीच वाट किती जणांनी वापरली ते सांगायला नको.

म्हणून धागालेखकांना माझा प्रश्न आहे. 'दुसऱ्याचं भलं इच्छिणं' म्हणजे प्रेम, तर ते भलं कोण ठरवणार? तुमची व्याख्या पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या चौकशी न्यायालयाच्या (इन्क्विझिशन) अधिकाऱ्यालाही चालली असती.

आणखी एक. योहानाचं दुसरं पत्र एका पानाचं आहे. पाचव्या वचनात तो म्हणतो, एकमेकांवर प्रीती करा. दहाव्यात म्हणतो, ही शिकवण न घेता कोणी आला तर त्याला घरात घेऊ नका, सलामही करू नका. पाच वचनांत प्रीतीची हद्द आली.

---

उंबरठा

पानगळ, ऑगस्टीनवरचा आक्षेप जबर आहे. माझं उत्तर पूर्ण पडेल असा दावा नाही, पण एक फरक दिसतो. लूक सहामधलं भलं शत्रूच्या गरजेवरून ठरतं. रोमकर १२:२० तर सरळ सांगतं, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, तहानेला असेल तर प्यायला दे. भुकेलाच सांगतो की तो भुकेला आहे. ऑगस्टीनने भलं ठरवताना डोनाटिस्टांना विचारलं नाही. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्त्यांचा कट्टर विरोधक होता, तरी ३६२ मध्ये त्याने एका पत्रात कुरकुर केली की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात. ही तक्रार मला प्रशस्तिपत्रासारखी वाटते. आणि ऑगस्टीन तेव्हा लहान होता, म्हणजे ही रीत त्याच्या आधीची.

कोरडी_विहीर यांना : क्षमा आणि सुटका या दोन गोष्टी आहेत. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना गाडीत जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी जाहीरपणे क्षमा केली. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम ठेवली. क्षमा त्यांची होती, शिक्षा राज्याची.

---

तिरकस

रोमकर १२:२० पुढे वाचा ना, मधेच का थांबलात? "असे करून तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील." आणि त्याआधी १९ मध्ये, सूड तुम्ही घेऊ नका, देव घेईल. म्हणजे शत्रूला जेवू घाला, बिल वरून येईल. :)

---

साधासरळ

निखारे म्हणजे शत्रूला वाटणारी शरम, असं बरेच भाष्यकार मानतात, आणि २१ वं वचन पाहिलं तर तेच जुळतं : बऱ्याने वाइटाला जिंक. पण १९ बद्दल तुम्ही थट्टेत खरं बोललात. न्याय करणारा कोणी आहे असा भरवसा असतो म्हणूनच माणूस सूड सोडू शकतो. ज्याला तो भरवसा नाही त्याने ही आज्ञा उसनी नेली तर ती त्याला चिरडेल.

---

पानगळ

आणि भरवसा नसलेल्यांवर ती लादली तर? वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणारा दक्षिण आफ्रिकेचा सत्य आणि सलोखा आयोग पाहा. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू, सुनावण्या १९९६ पासून. कायद्यात क्षमेची किंवा पश्चात्तापाची अट नव्हती. गुन्हा राजकीय हेतूने झालेला असला आणि संपूर्ण सत्य सांगितलं की माफी मिळू शकत होती. पण टुटूंच्या वागण्याबोलण्यामुळे सगळ्याला क्षमेचं, प्रार्थनेचं वळण लागलं. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मेले. त्यांचं कुटुंब इतरांसोबत घटना न्यायालयात गेलं की आमचा खटला चालवण्याचा हक्क तुम्ही परस्पर सोडू शकत नाही. न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. पुढे १९९९ मध्ये आयोगाने त्या पोलिसांना माफी नाकारली, पण खटला कधीच उभा राहिला नाही. उंबरठा, 'क्षमा त्यांची, शिक्षा राज्याची' हे तिथे कुठे बसवता?

---

उंबरठा

तिथे बसत नाही. राज्याने शिक्षा सोडली की क्षमेचं सगळं ओझं पीडितांवर येतं, आणि बिको कुटुंबाने ते घ्यायला नकार दिला यात मला ख्रिस्तविरोधी काही दिसत नाही. टुटू नसते तर रक्तपात झाला असता, हाही युक्तिवाद आहे, आणि तो हलका नाही. पण तो राजकारणाचा युक्तिवाद आहे. प्रेमाच्या नावावर तो मांडू नये.

---

कोरडी_विहीर

मग आता मत्तय पाचकडेच परत जाऊ. ४४ वर एवढा खल झाला, २३-२४ कोणी काढलंच नाही. तू वेदीवर दान अर्पायला आलास आणि तुझ्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असं तुला तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ही आज्ञा ज्याच्या हातून चूक झाली त्याला आहे. क्रमानेही ती आधी येते. त्या नवऱ्याला कोणत्या धर्मगुरूने दान ठेवून परत पाठवलं?

---

साधासरळ

पाठवायला हवं होतं. पण जक्कयाचं काय कराल? (लूक १९). लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला मुख्य जकातदार. येशू त्याला म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तेव्हा त्याने एक पैसाही परत केलेला नव्हता. चौपट परत करण्याचं तो नंतर बोलला. प्रेम आधी गेलं, परतफेड मागून आली.

---

कोरडी_विहीर

त्याच्या घरी येशू गेला. ज्यांना त्याने लुबाडलं होतं त्यांना येशूने 'तुम्हीही चला' म्हटलेलं नाही. त्यांना पैसे मिळायचे होते, चौपट. मी एवढंच मागतेय.