पॅनलवरून मेडिकलचं नाव काढलं, हायकोर्टात काही होतं का?

प्रश्न (सांगली):
नमस्कार मंडळी. आमच्या दादाचं मेडिकल एका सरकारी आरोग्य योजनेच्या पॅनलवर होतं. मध्यंतरी नोटीस आली की काही बिलांवरचे बॅच नंबर खरेदीच्या बिलांशी जुळत नाहीत, खुलासा करा. डिस्ट्रिब्युटरने माल बदलून दिला होता, त्याच्या क्रेडिट नोटा जोडून दादाने उत्तर दिलं. त्यानंतर सुनावणी वगैरे काही नाही, डायरेक्ट ऑर्डर, "खुलासा समाधानकारक नाही", पॅनलवरून कमी, तीन वर्षं अर्ज करायचा नाही, वर मागची बिलंही अडकवलीत. बीपी-शुगरवाले पेन्शनर अजून कार्ड घेऊन येतात, त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतं. कोर्ट यात पडतं का, की करार त्यांचा आणि मर्जीही त्यांचीच?

उत्तर १:
मर्जी वगैरे काही नाही, योजना सरकारची आहे म्हणजे घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट (सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका) करता येते. पण कोर्ट बॅच नंबर तपासत बसणार नाही, निर्णय कसा घेतला एवढंच बघतं, सुप्रीम कोर्टाच्या टाटा सेल्युलर निकालापासून (१९९४) हेच चालत आलंय. त्यामुळे नोटीस परत वाचा. बंदी घालायचा विचार आहे हे त्यात लिहिलेलं किंवा निदान वाचून कळेल असं होतं का? नसेल तर गोरखा सिक्युरिटी (२०१४) आणि यूएमसी टेक्नॉलॉजीज (२०२०), सुप्रीम कोर्टाची दोन्ही जजमेंट तुमच्या कामाची. आणि ऑर्डरमध्ये कारण दिलं नाही ते नंतर अ‍ॅफिडेव्हिटमध्ये घुसडता येत नाही, हे मोहिंदर सिंग गिलच्या निकालात ठरलेलं आहे.

उत्तर २:
बरोबर आहे, पण लगेच पॅनलवर परत येऊ असं धरून चालू नका. जिंकलात तरी बऱ्याचदा ऑर्डर रद्द होऊन प्रकरण परत त्याच ऑफिसकडे जातं, नव्याने नोटीस द्या आणि ऐकून घ्या म्हणून. करारात लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा) असेल तर सरकारी वकील ते पुढे करणारच, म्हणून ऐकून न घेतल्याचा मुद्दा पिटिशनमध्ये अगदी सुरुवातीला पाहिजे. अडकलेल्या बिलांचं रिटमध्ये अवघड, तो हिशोबाचा वाद होतो. सांगलीची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला आहेत, मुंबईला पळायला नको.

उत्तर ३:
मी स्वतः मेडिकलवाला. ड्रग लायसन्सवर काही आलंय का ते आधी बघा, पॅनल वेगळं आणि लायसन्स वेगळं. एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) औषध नियमांतल्या नियम ६६ खाली लायसन्स सस्पेंड किंवा रद्द केलं तर अपील राज्य सरकारकडे, तेही तीन महिन्यांच्या आत, रिटच्या नादात लोक ही मुदत घालवून बसतात. आणि डिस्ट्रिब्युटरकडून माल बदलल्याचं पत्र आजच लिहून घ्या, नंतर ते लोक फोन उचलत नाहीत.

प्रश्नकर्ता:
लायसन्सवर काही नाही. उत्तराची पोच आहे, शिक्क्यासकट. नोटीस आत्ता परत वाचली, शेवटी फक्त "नियमानुसार पुढील कारवाई करण्यात येईल", बंदीचा शब्दच नाही.

उत्तर १:
मग थांबू नका, याच आठवड्यात वकील गाठा आणि तीन वर्षांच्या बंदीवर स्टे मागा.