उसाला शिव्या घालण्याआधी तुरीच्या भावाचं बोला

भीमाकाठ:
‘सोलापूर-मराठवाड्यात ऊस लावणारा पाणीचोर आहे, त्याची वीज तोडा आणि ऊसबंदी करा,’ असं काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं रान उजनीच्या लाभक्षेत्रात. निम्म्यात ऊस. का लावतो? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे म्हणून. 2024-25 ला 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये. कारखाना 14 दिवसांत देत नाही, रखडवतो, पण आकडा कायद्याने बांधलेला आहे. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा जास्त म्हणून परत. पुन्हा नेलं तर बारदाना नाही. उसाच्या नोंदीवर सोसायटी पीककर्ज देते. तुरीवर कोण किती देतं ते सांगा. आम्हाला पाण्याची नासाडी करायची हौस नाही. तुरीला, ज्वारीला उसासारखी खात्री द्या, मी पुढच्या हंगामात खोडवा, म्हणजे तोडणीनंतर फुटलेला ऊस, मोडतो.

लातूरची लेक:
भाऊ, भावाचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेने आमच्या शहराला पाणी आणावं लागलं, तेव्हा मी तिथेच राहत होते. टँकरसाठी रात्रीचे नंबर लावलेत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि गावाबाहेर पडलं की बोअरवर ऊस हिरवागार दिसायचा. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी त्याला, हे कृषी मूल्य आयोगानेच लिहून ठेवलंय. तुटीच्या खोऱ्यात ऊस नको, हे चितळे आयोगाने 1999 मध्येच सांगितलं होतं. तुमची खात्री आमच्या घागरीतून का भरायची?

कऱ्हाकाठ:
भावाचा प्रश्न वेगळा आणि पाण्याच्या हक्काचा वेगळा. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी आमच्या पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी, अर्ध्या एकराच्या हिशेबाने. एका कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त, हे कुठल्या न्यायाने?

भीमाकाठ:
किती गावांनी उचललं ते? पन्नास वर्षं झाली, अजून भाषणात नायगाव आणि हिवरे बाजार ही दोनच नावं येतात. ठिबक करा असं सगळे सांगत होते, आम्ही केलं, कर्ज काढून केलं.

कऱ्हाकाठ:
आणि ठिबकने वाचलेलं पाणी नदीत सोडलंत का? नाही. आणखी ऊस लावलात. माझ्या मेव्हण्याने हेच केलं. पाणी मोजून वाटल्याशिवाय ठिबकने फक्त उसाचं रान वाढतं.

पाटोद्याची:
तुम्ही सगळे ऊस पिकवणारे नाही तर पाणी पिणारे. तोडणारे कुठे आहेत या चर्चेत? माझे आईवडील पंधरा हंगाम एका कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊसतोडीला. दिवाळीनंतर गाव सोडायचं, कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे फडात. एक दिवस गेलं नाही तर खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर आगाऊ घेतलेल्या उचलीतून कापणार. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो म्हणून एका खाजगी दवाखान्यात आईची गर्भपिशवी तिशीतच काढली. 2019 मध्ये बीडचं हे प्रकरण विधिमंडळात गाजलं, समिती बसली. आई अजून कंबर धरून बसते.

भीमाकाठ:
ताई, आईचं ऐकून वाईट वाटलं. पण आमचीही बाजू आहे. ऊस वाळायला लागला तरी तोडणीची टोळी येत नाही. आली की खुशाली, म्हणजे मजुरीवर वरचे पैसे मागते, ट्रॅक्टरवालाही ‘एंट्री’ म्हणून वरचे पैसे मागतो. मजूर पुरवणारा मुकादम उचल घेऊन पळाला तर वाहनमालक कर्जात बुडतो. आम्हीच लुटले जातो.

पाटोद्याची:
खुशाली मागतात, खरंय. मोळी वाहून महिनाअखेर हातात काही उरत नाही म्हणून मागतात! जानेवारी 2024 मध्ये तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढला, तोही संप करून. तुमची एफआरपी केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. आमच्या दरासाठी दर वेळी कोयता बंद ठेवावा लागतो. तुम्हाला ‘खात्री’ कळते ना? मग आमचीही समजून घ्या.

भीमाकाठ:
मी तुमच्यावर अन्याय केला असं बोलताय. मी पाच महिने पाण्याच्या पाळीसाठी रात्री मोटार चालू करायला जातो, साप तुडवत. मला शोषक म्हणू नका.

लातूरची लेक:
भांडण भलतीकडे चाललंय. भाऊ, तुम्हाला शोषक कोणी म्हटलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर पाटोद्याच्या ताई बोलल्या ते आधी बोलायला हवं होतं. ऊसबंदी झाली तर सगळ्यात आधी उपाशी राहील ती त्यांची टोळी. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पाण्याचं मी सोडणार नाही.

पाटोद्याची:
उत्तर आहे. आमच्या तालुक्यात पाणी अडलं आणि रोजगार हमीची कामं वेळेवर निघाली तर कोण जाईल कोयता घेऊन? उसाचं पाणी आमच्या शिवारात आलं असतं तर मी आज हे लिहीत नसते.

भीमाकाठ:
बरं. माणशी पाण्याला माझा विरोध नाही, पण एकट्या शेतकऱ्याने सोडायचं आणि शेजाऱ्याने आठ इंची बोअर मारायची, हे चालणार नाही. सगळ्यांना एकच नियम लावा, आणि तूर-सोयाबीनची खरेदी हमीभावाने बंधनकारक करा. दोन्ही एकदम. आधी ऊस बंद करा, खरेदीचं मग बघू, असं म्हणाल तर मी हलणार नाही.

पाटोद्याची:
आणि खाडा? तो बंद करायला ना पाऊस लागतो ना हमीभाव. तुम्ही सभासद आहात. कारखान्याच्या वार्षिक सभेत ठराव मांडा, की आजारपणात आणि पाळीत खाडा कापायचा नाही.

भीमाकाठ:
संचालक म्हणतील, तो मुकादमाचा विषय आहे.

पाटोद्याची:
उचल कारखान्याच्या पैशातून जाते, मग विषय कारखान्याचाच.

भीमाकाठ:
ठीक आहे, सप्टेंबरच्या सभेला मांडतो. सूचक मी, अनुमोदक मिळेल की नाही सांगता येत नाही.

कऱ्हाकाठ:
माझा मेव्हणा तुमच्याच कारखान्याचा सभासद आहे. त्याला मी आणतो.