मदत हवी आहे: लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली बंद फाईल आणि सल्लागार परिषद

तेरेखोल:
विषय १९६१ ची गोवामुक्ती आणि ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे कागद. एफओ ३७१ मालिकेतली एक फाईल खुली आहे, पण तिचाच '/१' जोडलेला भाग कॅटलॉगमध्ये बंद दिसतो. कारण दिलंय कलम २७. दुसरी एक फाईल 'कलम ३(४) नुसार खात्याकडे' आहे. बंद कागदांसाठी सल्लागार परिषद असते म्हणतात. अर्ज तिच्याकडेच करायचा का? आणि भारतातून चालतो का?

दप्तरखाना:
परिषदेकडे नाही. १९५८ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने ती नेमली. अध्यक्षपद मास्टर ऑफ द रोल्स या न्यायाधीशांकडे. ती मंत्र्यांना सल्ला देते, फाईल स्वतः उघडत नाही. तुमच्या दोन फाईलींचे रस्तेही वेगळे आहेत.

'/१' म्हणजे मूळ फाईलमधून काढलेली पानं. ती आर्काइव्हजच्याच ताब्यात असतात, म्हणून कॅटलॉगमधल्या त्या नोंदीवरूनच माहिती अधिकाराचा अर्ज करा. तिथला कायदा २००० चा. आपल्याकडे अर्जदार नागरिक लागतो, तिथे तशी अट नाही. पुण्यातून केलेला अर्जही चालतो. बंद अभिलेखांसाठी मुदत २० ऐवजी ३० कामाच्या दिवसांपर्यंत जाते. कलम २७ याच कायद्यातलं, परराष्ट्रसंबंधांचं. ते सापेक्ष आहे, म्हणजे जनहित तोलावंच लागतं, आणि परिषद येते ती इथे: नकार देण्याआधी तिच्या सदस्यांच्या पॅनेलचं मत घेतात. तेव्हा जनहिताचा मुद्दा पहिल्याच अर्जात मांडा. इतकी वर्षं उलटल्यावर संबंध नेमके कसे बिघडतील, त्याच घटनेचे कोणते कागद आधीच खुले आहेत, हे संदर्भ क्रमांकांसह लिहा. बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात.

तेरेखोल:
आणि दुसरी फाईल?

दप्तरखाना:
कलम ३(४) हे १९५८ च्या कायद्यातलं, म्हणजे ती खात्याने स्वतःकडेच ठेवली, आर्काइव्हजकडे गेलेलीच नाही. अर्ज थेट परराष्ट्र कार्यालयाकडे. २० वर्षांनंतरही कागद ठेवून घ्यायचे तर खात्याला मंत्र्यांची मंजुरी लागते, आणि त्या मागणीची छाननी परिषद करते. पटलं नाही तर ती जास्तीची कारणं मागते. संशोधकांच्या दृष्टीने परिषदेचं हेच काम सर्वात मोलाचं, कारण अर्जदार कोणी नसतानाही खात्याला उत्तर द्यावं लागतं. कोणत्या कारणाने आणि कोणत्या वर्षापर्यंत मंजुरी आहे, तेही अर्जात विचारा.

जुनी मोडी:
थोडी भर. 'गोव्याबद्दलचं सगळं द्या' असं लिहू नका. शोधाचा खर्च ६०० पौंडांवर जाईलसं दिसलं तर तेवढ्यावरच नाकारतात. एका अर्जात एकच क्रमांक द्या, आणि पूर्ण देता येत नसेल तर नावं झाकून द्या, असं स्पष्ट मागा. कारण कलम ४० असेल, म्हणजे हयात व्यक्तीची माहिती, तर जनहितापेक्षा ती व्यक्ती वारल्याचा पुरावा कामी येतो. वर्तमानपत्रातलं निधनवृत्त जोडा.

नकार आला तर आधी अंतर्गत फेरविचार मागा, मग माहिती आयुक्त, मग न्यायाधिकरण. आयुक्तांच्या निर्णयानंतर न्यायाधिकरणासाठी फक्त २८ दिवस मिळतात. इंडिया ऑफिसचे, म्हणजे १९४७ पर्यंत भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याचे कागद मात्र ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ते इथे शोधू नका.