गर्दीतली पूर्ण मॅरेथॉन: ३० किमीनंतरचं दुखणं किती सोसायचं, कुठे थांबायचं?

पहिली_बेचाळीस:

पूर्ण मॅरेथॉन पाच आठवड्यांवर आली आहे. मोठ्या शहरातली शर्यत, ४० हजारांच्या आसपास धावक, वेव्ह स्टार्ट, म्हणजे धावकांना गटागटाने सोडणार. लक्ष्य ४ तास ३० मिनिटांचं (४:३०), म्हणजे पेस किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद (६:२४). सरावात ३० किमी झाले, ३२ चा एक बाकी आहे. वजन ६४ किलो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या गर्दीत पेस धरायचा कसा? घड्याळ एक सांगतं आणि रस्त्यावरच्या पाट्या दुसरंच, असं ऐकलंय. दुसरं म्हणजे २६-२७ किमीनंतर दोन्ही मांड्या पुढून भरून येतात आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अधूनमधून चमक निघते. ‘दुखलं तरी सोडायचं नाही’ असं सगळेच म्हणतात. पण कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्या दुखण्याला थांबायचं, हे कोणी नीट सांगत नाही. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालते का?

मैलाचा_दगड:

आधी पेसबद्दल लिहितो, कारण दुसऱ्या प्रश्नातलं निम्मं दुखणं पहिल्या पाच किलोमीटरच्या गर्दीतच तयार होतं.

पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किमी मोजतात ते सगळ्यात जवळच्या मार्गाने. वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंमीवरून माप जातं आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरतात. काही शर्यतींत ही रेषा रस्त्यावर निळ्या रंगाने आखलेली असते. गर्दीत त्या रेषेवर राहता येत नाही. वळणाला बाहेरून जावं लागतं, पाण्याच्या टेबलाकडे सरकावं लागतं, पुढच्याला वळसा घालावा लागतो. शेवटी घड्याळात ४२.६ ते ४२.८ सहज दिसतात. तुमच्या पेसने अर्धा किलोमीटर म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. घड्याळावर नेमका ६:२४ राखलात तर ४:३३ होतील. घड्याळावर ६:१९ - ६:२० धरून चला.

तेही घड्याळावर भरवसा असेल तर. उंच इमारतींच्या मधून, पुलाखालून, बोगद्यातून जाताना जीपीएस भरकटतं. एका मिनिटाला ५:४० दाखवेल, पुढच्या मिनिटाला ७:३०. ऑटो लॅप, म्हणजे घड्याळाने आपणहून किलोमीटर मोजणं, बंद ठेवा आणि पाटी आली की लॅपचं बटण हाताने दाबा. मनगटावर चिकटपट्टी लावून पक्क्या शाईने एवढंच लिहा: ५ किमी ३२:००, १० किमी १:०४, अर्धं अंतर २:१५, ३० किमी ३:१२, ३५ किमी ३:४४, ४० किमी ४:१६. चाळीसच्या पाटीनंतर १४ मिनिटं उरतात. घड्याळ सुरू करायचं ते स्टार्टच्या चटईवर पाय पडल्यावर, बंदुकीच्या आवाजावर नाही. तुमची चिपची वेळ, म्हणजे धावकाजवळच्या चिपने नोंदलेली तुमची स्वतःची वेळ, तिथूनच मोजली जाते.

आता गर्दी. पहिले दोन-तीन किलोमीटर लोक अडणार, हे धरूनच चला. मोकळी जागा दिसली की मुसंडी, समोर पाठ आली की ब्रेक, मग आडवं पाऊल टाकून दुसऱ्या फटीत शिरायचं, हा प्रकार फार महागात पडतो. प्रत्येक मुसंडीला साठवणीतली साखर जास्त जळते आणि प्रत्येक ब्रेकला मांडीच्या पुढच्या स्नायूला झटका बसतो. त्यापेक्षा किलोमीटरला ३० सेकंद गेले तर जाऊ द्या. तीन किलोमीटरमध्ये दीड मिनिट गेलं. ते उरलेल्या ३९ किमीत वाटलं तर किलोमीटरला सव्वादोन सेकंद पडतात. एवढ्यासाठी अंग रेटू नका.

फूटपाथच्या कडेने पुढे काढायचा मोहही टाळा. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. तुमच्या गुडघ्याला नेमकं तेच नको आहे. मधोमध राहा.

पाण्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त धक्काबुक्की होते, आणि ती पहिल्या दोन टेबलांशी. तिथे थांबू नका, शेवटच्या टेबलांपर्यंत जा. पन्नास मीटर आधी मागे बघून, हात वर करून त्या बाजूला सरका. एका स्वयंसेवकाच्या डोळ्यांत बघा आणि बोट दाखवा, म्हणजे पेला तुमच्यासाठी पुढे येतो. पेला कागदी असेल तर वरून धरा आणि काठ चिमटीत दाबा. दोन्ही बाजू मिळून चोच तयार होते, तिच्यातून दोन-तीन छोटे घोट घ्या. उघड्या पेल्याने धावत प्यायलात तर पाणी नाकात जातं आणि पुढचा अर्धा किलोमीटर ठसक्यात जातो. टेबलांनंतरचे २०-३० मीटर ओले असतात, पायाखाली चिरडलेले पेले आणि जेलची (धावताना खायच्या दाट साखरेच्या पाकाची) चिकट पाकिटं असतात. तिथे पाऊल आखूड आणि सपाट टाका.

नडगी_ते_घोटा:

वरचं सगळं पटलं. मी फक्त दुखण्याबद्दल लिहिते.

मांड्या भरून येणं हे सोसायचं दुखणं आहे. प्रत्येक पाऊल पडताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो. हजारो पावलांनंतर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि उतारावर ती जास्त होते. हे दुखणं पसरलेलं असतं, दोन्ही पायांत साधारण सारखं असतं, वेग थोडा उतरवला की सुसह्य होतं. मुख्य म्हणजे चाल बदलत नाही.

गुडघ्याची चमक वेगळी. वर्णनावरून ती कंबरेपासून नडगीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याची, म्हणजे आयटी बँडची वाटते. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना त्या पट्ट्याखाली दाब येतो आणि धावताना प्रत्येक पावलाला गुडघा त्या कोनातून जातोच. ओळख अशी: ठरावीक अंतरानंतर सुरू होते, उतारावर आणि जिना उतरताना वाढते, अंग गरम झालं म्हणून कमी होत नाही. हिला रेटून काही साधत नाही. फिजिओथेरपिस्टला या आठवड्यात दाखवा, ३२ किमी झाल्यावर नाही. दरम्यान कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं आणि एका पायावरचा ब्रिज (पाठीवर झोपून, एका पायाच्या आधाराने कंबर उचलणं), दोन्ही १५-१५ चे तीन सेट, एक दिवसाआड. उताराचा सराव बंद. पाऊल थोडं आखूड करा, म्हणजे मिनिटाला १६५ पावलं पडत असतील तर १७३ च्या आसपास न्या.

शर्यतीत दुखायला लागलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. एका बोटाने जागा दाखवता येते का? चाल बदलली का, म्हणजे लंगडतोय का, एका बाजूला झुकतोय का? मिनिटभर चालल्यावर कमी होतं का? बोटाने दाखवता येत नाही, चाल तीच आहे आणि चालल्यावर उतार पडतो, तर पुढे जा. नेमकी जागा, लंगडणं आणि पुन्हा धावल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच तेवढीच कळ, असं असेल तर धावणं थांबवा. लंगडत काढलेल्या दहा किलोमीटरची किंमत दुसरा गुडघा आणि कंबर चुकवतात.

काही ठिकाणी परीक्षा घ्यायचीच नाही. नडगीच्या हाडावर, पंजाच्या वरच्या हाडावर किंवा जांघेत खोल एका जागी प्रत्येक पावलाला वाढत जाणारी कळ हाडाला तडा जाण्याची खूण असू शकते. पोटरीत किंवा टाचेच्या वर काही तुटल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, उकाड्यात अंगावर शहारे, बोलताना शब्द अडखळणं, यातलं काहीही झालं तर थेट वैद्यकीय तंबूत जा, तंबू लांब असेल तर जवळच्या स्वयंसेवकाला सांगून तिथेच बसा. शेजारच्या धावकाला असं झालेलं दिसलं तर त्याच्यासाठी तुम्ही थांबा. गोंधळलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही.

पोटरीत गोळा आला तर आधी कडेला या. गर्दीत मधेच थांबलात तर मागचा अंगावर येईल. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढा, २०-३० सेकंद तसंच धरा, झटके देऊ नका. मग शंभर मीटर चाला आणि किलोमीटरला १५-२० सेकंद हळू सुरू करा. गोळा आला की सगळे मिठाला दोष देतात. पण अंगभर मीठ कमी झालं असतं तर गोळे कुठेही आले असते. येतात ते बहुधा सरावापेक्षा जास्त राबवलेल्या, थकलेल्या स्नायूतच.

गोळीचं उत्तर: नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातली तर अजिबात नको. लांब धावताना मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, या गोळ्या ते आणखी कमी करतात. शरीरात पाणी धरून ठेवतात, जठराच्या अस्तराला त्रास देतात. पॅरासिटामॉल त्या गटातली नाही, पण गुडघ्याची चमक झाकली गेली तर थांबायचं कधी हे तुम्हाला कळणार कसं?

जेल_आणि_पाणी:

एक हिशेब राहिला. धावताना साधारण किलोला, किलोमीटरला एक कॅलरी लागते. तुमचे ६४ किलो गुणिले ४२ म्हणजे सुमारे २७०० कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर साधारण २००० कॅलरींची. उरलेलं चरबीतून येतं, पण वेग वाढला की चरबीचा वाटा घटतो आणि साखर लवकर संपते. ३० ते ३५ किमीच्या मध्ये ‘भिंत’ लागते ती इथे. पाय एकाएकी लाकडाचे होतात, डोकं बधिर होतं. हे मांड्या दुखण्यापेक्षा वेगळं आहे. इथे जिद्दीचा उपयोग थोडा आणि साखरेचा जास्त.

तासाला ५० ग्रॅम कर्बोदकं धरा. २५ ग्रॅमचं जेल दर अर्ध्या तासाने, पहिलं ३०-३५ मिनिटांवर. म्हणजे आठ जेल. भूक लागण्याची किंवा थकवा येण्याची वाट बघू नका. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या, स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर नको. साखर दाट झाली की पोट ढवळतं. टेबल दिसायच्या शंभर मीटर आधी पाकीट फाडून ठेवा, गर्दीत दातांनी फाडायची वेळ येऊ देऊ नका. ३२ किमीच्या सरावात हीच जेल याच वेळांना घेऊन बघा. आधीचे दोन दिवस किलोला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, तुमच्यासाठी ५१० ते ६४० ग्रॅम रोज. त्या दोन दिवसांत तेलकट आणि चोथ्याचं कमी.

पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलावर पोटभर प्यायलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि हा धोका चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांना अधिक, कारण त्यांना प्यायला वेळ मिळतो. अंगठी घट्ट होणं, डोकं ठणकणं, मळमळ ही त्याची चिन्हं. अशा वेळी आणखी पाणी पिणं हा उपाय नव्हे.

शेवटी शेवटी पोटाने जेल नाकारलं तर गोड पेय तोंडात ५-१० सेकंद खळखळवून थुंका. तोंडातल्या संवेदनेनेच मेंदूला साखरेची वर्दी पोचते आणि थोडा वेळ वेग राखता येतो. थुंकताना मात्र कडेला या.

शंभरचा_आकडा:

३२ च्या पुढे उरलेले दहा किलोमीटर एकगठ्ठा डोक्यात आणू नका. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने २००३ साली लंडनला महिलांच्या मॅरेथॉनचा २:१५:२५ चा विश्वविक्रम केला. शर्यतीत ती १०० पर्यंत आकडे मोजायची, तीनदा शंभर झाले की एक मैल असा तिचा हिशेब. तुमच्या पेसला, मिनिटाला १७० पावलं धरली तर किलोमीटरला सुमारे १०९० पावलं पडतात. फक्त उजवं पाऊल मोजा, साडेपाच वेळा शंभर झाले की पुढची पाटी. आकडा चुकला तर चुकू द्या, पुन्हा एकपासून सुरू करा. प्रत्येक शंभरीला एकदा अंग तपासा. जबडा आवळलाय का, खांदे कानांशी गेलेत का, मुठी घट्ट झाल्यात का? सैल सोडा.

पहिल्या टेबलापासूनच प्रत्येक टेबलावर ३० सेकंद चालायचं ठरवून टाकलं तरी ४:३० बसतं. पाय संपल्यावर चालायला लागलात तर पुन्हा धावणं होत नाही.

मैलाचा_दगड:

@शंभरचा_आकडा, चालण्याला माझी हरकत नाही, पण टेबलापाशी नको. टेबलं ओलांडून, कडेला येऊन, हात वर करून मगच चालणं. दर अडीच किलोमीटरला टेबल धरलं तर १६ वेळा ३० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं चालणं होतं. तेवढ्यात साधारण ८०० मीटर उरकतात, त्यामुळे निव्वळ तोटा तीनेक मिनिटांचा. धावताना किलोमीटरला चार-पाच सेकंद कमी घ्यावे लागतील. हे आधी ठरवा, रस्त्यात नाही.

पहिली_बेचाळीस:

सगळ्यांचे आभार. गोळीचा विचार सोडला, फिजिओची वेळ घेतली. दोन शंका उरल्या. ३२ किमी कधी करायचे? आणि शर्यत संपल्यावर लगेच काय करायचं?

नडगी_ते_घोटा:

३२ शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे अजून दोन आठवड्यांनी, तेही फिजिओ हो म्हणाले तर. चमक कायम असेल तर २४ वर थांबा. तीन आठवड्यांत नवीन दम तयार होत नाही, गुडघा मात्र बिघडू शकतो. त्यानंतर आठवड्याचं अंतर आधी पाऊण, मग निम्मं आणि शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून एक तृतीयांश. वेग तोच ठेवा, फक्त अंतर कमी करा.

रेषा ओलांडल्यावर गपकन थांबू नका, मागून माणसं येतच असतात. शिवाय पायांचे स्नायू चालू असतात तोवर रक्त वर ढकलत राहतात. एकदम उभं राहिलात की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. १०-१५ मिनिटं चालत राहा. भोवळ आलीच तर आडवं होऊन पाय वर घ्या. कोरडा शर्ट लगेच घाला, अंग फार झपाट्याने गार पडतं. पहिल्या तासाभरात थोडं खारट आणि थोडं गोड खा. बूट काढताना लेस पूर्ण सैल करा. फोड असेल आणि दुखत नसेल तर फोडू नका. दोन दिवस जिना उतरताना कठडा धरून पाठमोरे उतरा, मांड्यांवर बराच कमी भार येतो.